चार बोटं अलीकडची रेघ

माझ्या कामावर लोक पाय देतात. नुसते देत नाहीत, घासतात, फरफटतात, अंगाखाली घेऊन लोळतात आणि संध्याकाळपर्यंत ते पुसून टाकतात. सामना जितका रंगेल तितकं माझं काम लवकर नाहीसं होतं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात तेव्हा मी मध्यरेषेकडे बघत असतो. अर्धी गेलेली असते.

मी मैदानं आखतो.

पगारापुरता मी शाळेतला खेळाचा मास्तर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वडीगोद्रीच्या एका शाळेत लागलो, पुढे जालन्यात बदली झाली. पण मास्तर म्हणून मला परगावचं बोलावणं कधी आलं नाही. यायचं ते मैदानासाठी. अंबड, घनसावंगी, परतूर, कधी पार बीड-परभणीपर्यंत. गावात कबड्डीचे सामने ठरले की आधी वर्गणी, मग मंडप आणि मग मी. पोरं माघारी मला ‘फक्कीसर’ म्हणत. काही दिवसांनी तोंडावरही म्हणू लागली आणि एकदा तर मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर बोट ठेवून तेच नाव उच्चारलं. मी ‘हजर’ म्हणालो.

फक्की म्हणजे पांढऱ्या दगडाची पूड. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा असतात त्या हिच्या. दोन बोटांच्या चिमटीतून ती सोडत मागे मागे चालायचं आणि एकदाही थांबायचं नाही. थांबलं की रेघेला पोट येतं. पोट आलेली रेघ मला बघवत नाही. स्वतःचं पोट मात्र मी बघून न बघितल्यासारखं करतो.

पहिल्या वर्षी मला हे काही ठाऊक नव्हतं. फक्कीऐवजी भट्टीवरचा चुना आणला, नीट विझलेलाही नव्हता, आणि त्याच्या झकास जाड रेघा ओढल्या. सामना संपला तेव्हा चौदाही खेळाडूंचे कोपर आणि गुडघे सोलून निघाले होते. दुसऱ्या दिवशी अंबडच्या संघाचा एक गडी हळद माखून माझ्या दारात उभा.

“सर, सामना जिंकलो आमी. पण कातडं तुमच्या मैदानावरच राह्यलंय. सवड काढून पाठवून द्या.”

दुसरा धडा शहागडच्या बाजूला मिळाला. एक मोठे पुढारी हेलिकॉप्टरने येणार होते आणि हेलिकॉप्टर उतरायच्या जागी गोल काढून आत इंग्रजी ‘एच’ काढायचा होता. जिल्ह्यात सरळ रेघ कोण ओढतो अशी चौकशी झाली आणि जीप माझ्या दारात आली. खुंटी ठोकून, दोरी फिरवून मी असा गोल काढला की तव्यावरची भाकरी लाजावी. तिथले सरपंच बाजूला उभे राहून बघत होते.

“सर, ह्ये एच कशाला?”

“हेलिकॉप्टरचा.”

“मंग आमच्या गावाचं नाव बी टाका की खाली. वरून कसं कळंल त्याला, कुठं उतराचं ते?”

मुद्दा बिनतोड होता. मी दोन-दोन पुरुष उंचीची अक्षरं काढली. हेलिकॉप्टर आलं आणि खाली उतरता उतरता त्याच्या वाऱ्याने एच, गोल, गाव सगळं उचललं आणि स्वागताला उभ्या असलेल्या मंडळींवर आणून टाकलं. पुढारी उतरले तेव्हा समोर हार घेऊन पिठाच्या गिरणीतून निघालेली माणसं उभी. तेव्हापासून फक्की टाकली की मी वर पाण्याचा हलका हात मारतो. रेघ बसते.

आता थोडं मातीबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमची जमीन काळी. कपाशीला ती सोनं, पण कबड्डीला वैरीण. कोरडी असली की भेगा पडतात, त्यात घोटा जातो. ओली असली की ती चप्पल ठेवून घेते. म्हणून मोठ्या सामन्यांसाठी आम्ही शहागडहून गोदाकाठचा पोयटा ट्रॅक्टरने आणायचो. तो चाळायचा, त्यात लाकडाचा भुसा आणि जाडं मीठ मिसळायचं. मीठ ओल धरून ठेवतं. मग पाणी, मग रोलर, परत पाणी, परत रोलर. मैदान झालं का हे बघायला अनवाणी टाच दाबायची. टाचेचा ठसा स्वच्छ उमटला पाहिजे आणि माती टाचेबरोबर वर येता कामा नये.

पाणी मारायचं काम हुसेनचाचांचं. म्हाताऱ्याकडे एक टँकर होता आणि एक रबरी नळी, आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ते असं पाणी उडवायचे की थेंब आधी हवेत विचार करायचा आणि मग खाली यायचा. वीस वर्षांत त्यांनी माझ्या मैदानावर एक डबकं होऊ दिलं नाही.

राहिली दोरी. लोक टेपने मोजतात, मी दोरीने मोजायचो. जुन्या जालन्यातून तीन पदरी पिळाची सुती दोरी आणायची आणि तिच्यावर ठरलेल्या अंतरांवर गाठी मारून रंगीत चिंध्या बांधायच्या. पुरुषांचं मैदान मोठं, बायकांचं लहान, म्हणून दोन दोऱ्या. पुरुषांच्या दोरीला लाल चिंध्या, बायकांच्या दोरीला पिवळ्या. आकडे वाचायला नकोत, डोळ्यांवर ताण नको, चूक व्हायला जागा नको. काटकोनसुद्धा दोरीच काढते. तीन, चार आणि पाच हात अशा बाजूंचा त्रिकोण ताणला की कोपरा आपोआप काटकोनात बसतो. हे मी गणिताच्या मास्तरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, हे आम्ही रोज शिकवतो. मी म्हणालो, पण त्याच्यावर कधी कुणी खेळतं का?

असा माझा तोरा होता. तो लक्षात ठेवावा लागेल.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी पुरुष आणि महिला अशी दोन्ही गटांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा जालन्यात भरली. इतके संघ शहराने कधी पाहिले नव्हते. धर्मशाळा, मंगल कार्यालयं, शाळांचे वर्ग सगळे भरले. मोंढ्याच्या धान्यबाजारात हमाल एकमेकांना विचारत, तुमच्याकडं कोणतं राज्य उतरलंय. दोन मैदानं मी केली, एक पुरुषांचं, एक महिलांचं, मध्ये वीस पावलांचं अंतर. संयोजन समितीचे सचिव आबासाहेब म्हणून एक बियाण्यांचे व्यापारी होते. उत्साही माणूस. त्यांच्या हातात माईक आला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी उत्तरेकडचे एक मुख्य पंच स्टीलची टेप घेऊन मैदानं तपासायला आले. किडकिडीत, चेहऱ्यावर हसू नाही. प्रत्येक रेघेवर वाकून मोजत गेले. प्रत्येक रेघ बरोबर. शेवटी त्यांनी विचारलं, “किस चीज से नापा?” मी दोरी दाखवली. त्यांनी दोरीकडे असं बघितलं, जसं बैलाने लग्नपत्रिका आणून द्यावी.

आता गप्प बसणं शक्य होतं. मी म्हणालो, “साहब, टेप झूठ बोल सकता है. मेरी रस्सी नहीं बोलती.”

आबासाहेबांनी ते ऐकलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस दर सामन्याआधी ते माईकवरून सांगितलं. आमच्या सरांची दोरी खोटं बोलत नाही.

आपल्या राज्याच्या महिला संघात आमच्या जिल्ह्याची एकच मुलगी होती, सुनंदा. वडीगोद्रीची, माझ्या शाळेची. तिला विचारूनच हे लिहितो आहे. सकाळी ती बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीची फुलं हाताने पराग लावून फलवायच्या कामाला जायची आणि संध्याकाळी खेळायची. संघात होती, पण राखीव. मैदान रोलरखाली असताना ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती.

“सर, माझा डाव लागंल का हो?”

“लागला तर काय करशील?”

“पहिल्या चारात आलो तर कागद भेटतो. खेळाडूच्या कोट्यातून नोकरीला तोच चालतो. पाचवा नंबर आला तर नुसता चहा.” मग म्हणाली, “वयाचं ह्ये शेवटचं वर्ष हाये माझं. पुढल्या साली कागद भेटला तरी गुंडाळून ठेवाचा.”

हे तिने असं सांगितलं जसं बाजारात भाव सांगतात. मी म्हणालो, मैदान मी चांगलं करून ठेवतो, बाकी तू बघ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या संघाची मुख्य चढाईपटू पडली. महिलांच्या मैदानात मी रेघांच्या टोकांना लाकडी खुंट्या जमिनीसरशी ठोकलेल्या असत, म्हणजे रोज सकाळी रेघ पुसली तरी खुंटीपासून खुंटीपर्यंत नवी ओढता येते. पाणी मारून मारून एक खुंटी बोटभर वर आली होती. तिच्यावर त्या मुलीची टाच आपटली. डॉक्टरांनी पट्टी बांधली, आबासाहेबांनी माईकशिवाय मला सुनावलं आणि महिलांच्या मैदानावरच्या सगळ्या खुंट्या उपटायचा हुकूम झाला. योग्यच होतं. मी उपटल्या.

अशी सुनंदा संघात आली आणि अशी माझी मापं गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उपांत्यपूर्व फेरी. आमच्या मुलींसमोर दक्षिणेकडचा एक संघ होता. जिंकलो तर पहिल्या चारात, हरलो तर चहा. बाहेरची चौकट शाबूत होती, ती मी कुदळीच्या टोकाने कोरून ठेवत असे. आतल्या रेघा मात्र कोरता येत नाहीत, खेळाडूचा पाय अडखळतो. त्या नव्याने मोजून ओढायला हव्या होत्या. त्यातली महत्त्वाची म्हणजे निदान रेषा. चढाईला जाणाऱ्या खेळाडूने ही रेषा ओलांडलीच पाहिजे, एक पाऊल तिच्या पलीकडे आणि दुसरं हवेत. गडी न मारता आणि रेषा न ओलांडता परत आली तर बाद. बायकांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून अडीच मीटरवर असते. दोन्ही अंगणांत एकेक. आमचं एक अंगण मंचाकडचं, दुसरं पाण्याच्या टाकीकडचं.

मंचाकडच्या अंगणातली निदान रेषा मी कोरड्या मैदानावर कोरड्या दोरीने ओढली. तेवढ्यात हुसेनचाचांचा टँकर आला. खरं तर त्यांनी आधी पाणी मारायचं आणि मी मागून आखायचं असा आमचा नेम होता, पण त्या दिवशी टँकरचं चाक बसलं होतं आणि त्यांना उशीर झाला होता. सामन्याला तासभर उरला होता. चाचांनी टाकीकडच्या अंगणावर पाणी सोडलं. माझी दोरी तिथेच पसरलेली. मी ती उचलली आणि मोजायला वाकलो.

“सर, रस्सी भीग गई. थोडी धूप दिखाओ उसको.”

“चाचा, टाइम नै है. तुम पानी देखो.”

“देख लेव. सूत है.”

मी पिवळी गाठ ताणली, खूण केली आणि एका दमात रेघ सोडली. सुंदर आली होती. पोट नाही, कंबर नाही.

सुती दोरी भिजली की फुगते आणि जाडीला फुगली की लांबीला आखडते. हे खाटेची दोरी विणणाऱ्या कुणालाही विचारा. मलाही ठाऊक होतं. तासाभराचा प्रश्न होता, म्हणून मी ते त्या सकाळपुरतं विसरलो.

सामना अटीतटीचा झाला. दक्षिणेकडच्या संघाची कर्णधार शांता नावाची उंच मुलगी होती. हिंदी तिला बेतास बात यायची आणि तिला बोलायची गरजही नव्हती. चढाईला यायची ती मोजून तीन पावलं, उभी राहायची, कुणाच्या तरी पायाला बोट लावायची आणि निघून जायची, जसं बँकेतून पैसे काढतात. पहिल्या डावात तो संघ टाकीच्या अंगणात चढाईला येत होता. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आमच्या मुली टाकीकडे जाऊ लागल्या. मध्यंतरानंतरच्या पहिल्याच चढाईत शांता मंचाकडच्या रेषेपाशी आली, खाली बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, फक्की डोळ्यात गेली.

शेवटची चढाई उरली तेव्हा आमची एका गुणाची आघाडी होती. चढाईला सुनंदा. आधीच्या पकडीत तिचा घोटा मुरगळला होता, पण बदलायला कुणी उरलं नव्हतं. तिने कुणाला मारायची गरज नव्हती. निदान रेषा ओलांडून जिवंत परत आली की सामना आमचा. नाही ओलांडली तर ती बाद, बरोबरी आणि वर जादा डाव. आमच्या पोरींच्या अंगात जादा काहीही उरलेलं नव्हतं.

ती लंगडत गेली. समोरच्यांनी हातात हात घालून साखळी केली आणि तिला रेषेजवळ येऊ देईनात. तोंडात कबड्डी कबड्डी चालू, दम संपत आलेला. अचानक तिने दुखऱ्या पायावर भार घेतला, दुसरा पाय लांब टाकला, मागचा हवेत उचलला आणि तशीच मागे वळून मध्यरेषेवर पालथी पडली.

पंचांची शिट्टी झाली. रेषा ओलांडली. रेषापंचाने वाकून दाखवलं, ओल्या मातीत टाचेचा ठसा रेघेच्या पलीकडे दोन बोटं, टाकसाळीतून काढल्यासारखा स्वच्छ. मैदान माझं होतं.

आबासाहेबांनी माईक घेतलाच होता, तेवढ्यात शांता पंचांपुढे उभी राहिली. तिने एक हात मंचाकडे केला. “उधर तीन कदम.” दुसरा टाकीकडे. “इधर पौने तीन.”

पंच म्हणाले, नापना पडेगा. टेपवाले मुख्य पंच तेव्हा पलीकडे पुरुषांच्या सामन्यावर होते. आबासाहेबांनी माईकवरून सगळ्या मैदानाला सांगितलं, “काही वाद नको. आमच्या सरांची दोरी आणा. ती खोटं बोलत नाही.”

दोरी माझ्या पायाशी पाण्याच्या बादलीवर वेटोळं करून पडली होती. मी ती उचलली आणि हाताला गार लागली. तेव्हा मला चाचा आठवले. सगळं एका क्षणात, न मोजता कळलं. अडीच मीटरला ओली दोरी चार बोटं तरी कमी भरते. ठसा दोन बोटं पलीकडे होता. खऱ्या रेघेपासून तो दोन बोटं अलीकडे होता.

मंचाखालच्या माझ्या ट्रंकेत स्टीलची टेप होती. कुणी मागितली तर असावी म्हणून ठेवलेली. दहा पावलांवर.

मी सुनंदाकडे बघितलं. ती मध्यरेषेवर बसून घोटा धरून होती. गुणफलकाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, डाव लागंल का हो, असं विचारताना बघत होती तशीच.

मी ओली दोरी मध्यरेषेवर लावली आणि ताणली. पिवळी गाठ रेघेवर येऊन बरोबर बसली. अर्थातच बसली. तिच्यानेच तर ओढली होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्या मोजणीला मिळालेल्या त्या एकमेव टाळ्या.

शांता खाली बसली. तिने गाठीपाशी दोरी दोन बोटांत धरली आणि दाबली. बोटं ओली झाली. तिने बोटांकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, आता ती बोलेल म्हणून. ती उठली, बोटं विजारीला पुसली, “ठीक है” म्हणाली आणि सुनंदाला हात देऊन उभं केलं.

ती का बोलली नाही हे मला माहीत नाही. भाषा पुरली नसेल. किंवा पहिल्या डावात त्याच अंगणात आपणही पावणेतीन पावलांत काम भागवलं आहे, हे तिच्या लक्षात आलं असेल. हा दुसरा युक्तिवाद मी पुढे स्वतःपुढे पुष्कळदा केला. दोघांनाही एकेक डाव, दोघांनाही सारखीच सवलत, अन्याय कुणावर नाही. युक्तिवाद चांगला आहे. त्याला पोट नाही. पण तो मी दोरी ताणताना केला नव्हता, नंतर केला.

आमचा संघ पुढच्याच सामन्यात हरला. पण पहिल्या चारात आला होता. सुनंदाला कागद मिळाला, आणि कागदावर सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी. तिच्या घरून पेढे आले. त्या आठवड्यात मी हुसेनचाचांना सगळं सांगितलं, कारण त्यांना आधीच माहीत होतं. ते नळी गुंडाळत होते.

“रस्सी का क्या कसूर, सर. उसने तो सच्ची बोली. मैं भीगी हूँ, बोली. आपने सुना नै.”

दोरी मी माळ्यावर टाकली. पुढे टेपने आखू लागलो. लोक विचारत, सर, दोरी कुठे गेली? मी सांगायचो, जमाना बदलला.

त्यानंतर दहाएक वर्षांनी सुनंदाचा निरोप आला. जालन्याची नोकरी सांभाळून ती रविवारी वडीगोद्रीला मुलींना शिकवत होती, तिथल्या मैदानाची आखणी करून हवी होती. मी गेलो. हायवेच्या कडेची जागा, ट्रकांचा आवाज, आणि कुंपणाला पाठ लावून उभ्या पंधरा-वीस मुली. सुनंदा आता चाळिशीकडे झुकलेली, गळ्यात शिट्टी. मी पिशवीतून टेप काढली.

“दोरी कुठंय सर तुमची?”

“माळ्यावर.”

“काहून?”

मी गोष्टी सांगणारा माणूस आहे. हेलिकॉप्टरची गोष्ट मी अर्धा तास सांगू शकतो आणि त्यात तीन आवाज काढतो. ही गोष्ट मी तिला चार वाक्यांत सांगितली आणि एकही आवाज काढला नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इतके वर्सं तुम्ही ह्येच घेऊन फिरून राह्यले व्हय?”

“हो.”

“सर, रेघ बघून पाय पडतो. चार बोटं पुढं असती तर चार बोटं पुढं टाकला असता म्या.”

“घोटा मुरगळला होता तुझा.”

“मुरगळला व्हता. तुटला नव्हता.”

मला एकदम हलकं वाटलं. इतकं साधं उत्तर मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही, असंही वाटलं. मी टेप उलगडायला घेतली. सुनंदा जागची हलली नाही. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत होती.

“पण तिला सांगायचं व्हतं तुम्ही. त्या शांताला.”

“सांगितलं असतं तर तुझा कागद...”

“माझा गेला असता न्हाईतर राह्यला असता. म्या खेळले असते जादा डाव.” ती मुलींकडे बघून बोलत होती. “तिचं बी वय शेवटचंच असंल, सर. कागदासाठीच आल्ती की ती बी.”

इतक्या वर्षांत मी त्या सामन्याचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता. दोरी, पाणी, टँकरचं चाक, माझा तोरा, सुनंदाचा घोटा. शांताला मी नेहमी ओल्या दोन बोटांपुरतंच आठवलं होतं. तिच्या गावी तिची वाट बघत एखादा कागद असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ते सुनंदाच्या मनात पहिल्या मिनिटात आलं.

मी अर्धी उलगडलेली टेप उचलली.

मग मी मैदान आखायला घेतलं. मध्यरेषा टाकली. एका अंगणात अडीच मीटर मोजून खूण केली, दुसऱ्या अंगणात मोजून खूण केली. फक्कीची पाटी उचलली तशी सुनंदाने हात आडवा धरला.

“थांबा सर. आधी म्या बघते.”

तिने चपला काढल्या. मध्यरेषेवर उभी राहिली आणि एका खुणेकडे चालत गेली, चढाईची पावलं टाकत, तोंडाने मोजत. एक, दोन, तीन. परत आली. वळली. दुसऱ्या खुणेकडे निघाली. मुली कुंपण सोडून पुढे आल्या होत्या. एवढ्या वर्षांत माझी रेघ इतक्या सावकाश कुणी तपासली नव्हती, त्या टेपवाल्या पंचांनीसुद्धा. पाटी धरून मी तिच्या टाचेकडे बघत उभा राहिलो.

एक. दोन. तीन.

ती तिथेच थांबली, वाकली, खुणेवरची माती दोन बोटांत घेऊन चोळली. कोरडी होती.

“बराबर हाये,” ती म्हणाली. “टाका फक्की.”